विद्यार्थी, पुस्तक आणि पीडीएफ

महाराष्ट्रातील विद्यार्थी ज्या साधनांतून वाचतो त्यांचे स्वरूप गेल्या दोन दशकांत बरेच बदलले आहे. पहिली ते आठवीच्या शासकीय आणि अनुदानित शाळांतील मुलांना बालभारतीची छापील पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, आणि तीच पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरून कोणालाही पीडीएफच्या रूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. महाविद्यालयात संदर्भग्रंथाची जागा बहुधा झेरॉक्स घेते. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी अभ्यासिकेत बसणाऱ्या विद्यार्थ्यापुढे तर छापील पुस्तक, हाताने काढलेल्या नोट्स आणि मोबाइलवरील पीडीएफ ही तिन्ही साधने एकाच टेबलावर उघडलेली असतात. त्यामुळे विद्यार्थी पुस्तके वाचतात की मोबाइल पाहतात, असा सरधोपट प्रश्न विचारून फारसे काही हाती लागत नाही. कोणत्या कामासाठी कोणते साधन उचलले जाते, त्या साधनावर वाचताना विद्यार्थ्याचे मन कोणत्या वेगाने चालते आणि वाचलेल्यातले त्याच्याजवळ काय उरते, हे पाहिल्याशिवाय वाचनाच्या सवयींविषयी जबाबदारीने बोलता येणार नाही.

विद्यार्थ्यांची स्वतःची पसंती कोणती, याचे उत्तर अनेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळे आहे. अमेरिकेतील ग्रंथपाल आणि संशोधक डायेन मिझराची यांच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 21 देशांतील 10 हजारांहून अधिक विद्यापीठीय विद्यार्थ्यांना त्यांच्या अभ्यासाच्या वाचनाविषयी विचारण्यात आले, तेव्हा त्यांतील मोठ्या बहुसंख्येने लक्ष लागण्यासाठी आणि लक्षात राहण्यासाठी छापील मजकूरच बरा पडतो असे सांगितले. भाषावैज्ञानिक नेओमी बॅरन यांनी अमेरिका, जपान, जर्मनी, स्लोव्हाकिया आणि भारत या पाच देशांतील चारशेहून अधिक विद्यार्थ्यांकडून माहिती घेतली होती. मन एकाग्र होणे कोणत्या साधनावर सर्वांत सोपे जाते, या प्रश्नाला त्यांपैकी 92 टक्के विद्यार्थ्यांनी कागद हेच उत्तर दिले. हे विद्यार्थी दिवसभर पडद्यावर काही ना काही वाचतच असतात, तरीही दीर्घ आणि अवघड मजकुरासाठी त्यांना कागद हवा असतो. मग ते पडद्यावर का वाचतात, तर पडद्यावरचे पुस्तक स्वस्त किंवा फुकट असते, ताबडतोब मिळते आणि वागवावे लागत नाही म्हणून. विद्यार्थ्यांच्या वागण्यावरून त्यांची आवड ठरवताना ही आर्थिक बाजू विसरली गेली, तर निष्कर्ष चुकीचा निघतो.

पसंती एक आणि आकलन दुसरे, म्हणून आकलनाची मोजणी स्वतंत्रपणे पाहावी लागते. स्पेनमधील व्हॅलेन्सिया विद्यापीठातील पाब्लो देल्गादो आणि लादिस्लाओ साल्मेरॉन यांनी अन्य सहकाऱ्यांसह 2018 मध्ये एक मेटा-विश्लेषण प्रसिद्ध केले. मेटा-विश्लेषण म्हणजे एकाच प्रश्नावर वेगवेगळ्या ठिकाणी झालेल्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून त्यांतून निघणारा सामायिक कल तपासणे. 2000 ते 2017 या काळातील 54 अभ्यास आणि 1 लाख 70 हजारांहून अधिक वाचक यांचा हिशेब त्यात होता. तोच मजकूर कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा सरासरीने थोडे चांगले असते, असा त्याचा मुख्य निष्कर्ष होता. हा फरक मोठा नाही, पण तो सातत्याने दिसतो. माहितीपर मजकुरात तो आढळला, केवळ कथात्मक मजकुरात मात्र आढळला नाही, याचा अर्थ गोष्ट वाचणाऱ्याला जे माध्यम चालते ते अर्थशास्त्राचे किंवा जीवशास्त्राचे प्रकरण समजून घेणाऱ्याला तितकेच चालेल असे गृहीत धरता येत नाही. याहून महत्त्वाचा निष्कर्ष काळाविषयीचा होता. डिजिटल साधनांमध्येच वाढलेली पिढी पडद्यावरच्या वाचनात आपोआप तरबेज होईल आणि हा फरक हळूहळू पुसला जाईल, अशी समजूत 2001 पासून, म्हणजे मार्क प्रेन्स्की यांनी या पिढीला डिजिटल युगाचे मूळ रहिवासी ठरवल्यापासून, शिक्षणक्षेत्रात रुजलेली होती. प्रत्यक्षात या 18 वर्षांच्या आकड्यांत कागदाची आघाडी कमी होण्याऐवजी वाढत गेलेली दिसली. मुलांना मोबाइल चालवता येतो म्हणून त्यावर वाचताही येते, ही अनेक पालकांची आणि काही शिक्षणाधिकाऱ्यांचीही धारणा या पुराव्यापुढे टिकत नाही.

असे का घडत असावे, याचे सर्वांत उपयुक्त उत्तर इस्रायलमधून मिळाले आहे. राकेफेत अॅकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना अभ्यासाचा मजकूर काहींना कागदावर आणि काहींना संगणकावर दिला होता. किती वेळ वाचायचे हे प्रयोगकर्त्यांनी ठरवून दिले तेव्हा दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही. पण वेळेचा निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवला तेव्हा पडद्यावर वाचणाऱ्यांनी वाचन लवकर थांबवले आणि त्यांना गुणही कमी मिळाले. शिवाय आपल्याला किती गुण मिळतील याचा त्यांनी बांधलेला अंदाज कागदावर वाचणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा अधिक फुगलेला होता. पुढच्या काळातील एकत्रित आकड्यांत वेळेचे बंधन असलेल्या वाचनातही कागद पुढे दिसल्यामुळे वेळेचा मुद्दा पूर्णपणे निकाली निघालेला नाही, परंतु पडद्यावर वाचणाऱ्याला आपल्याला अधिक समजल्याचा भास होतो, हा निष्कर्ष इतरत्रही मिळाला. लॉरेन सिंगर आणि पॅट्रिशिया अलेक्झांडर यांनी अमेरिकेतील 90 पदवी विद्यार्थ्यांवर केलेल्या व 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपल्याला पडद्यावर जास्त चांगले समजेल असे आधी सांगितले होते; मजकुराचा मध्यवर्ती विचार त्यांना दोन्हीकडे सारखाच सांगता आला, मात्र महत्त्वाचे मुद्दे आणि तपशील कागदावर वाचल्यावर अधिक आठवले.

मोबाइलवर विद्यार्थी दिवसभर जे वाचतो ते संदेश, बातम्यांचे मथळे आणि समाजमाध्यमांवरील चार ओळींचे मजकूर असते, आणि हे सारे नजर फिरवून पुढे जाण्यासाठीच लिहिलेले असते. त्या वाचनाची गती बोटांना आणि डोळ्यांना इतकी सवयीची होते की त्याच पडद्यावर राज्यघटनेचे प्रकरण उघडले तरी तीच गती कायम राहते. दोष काचेचा किंवा प्रकाशाचा असता तर त्यावर तांत्रिक इलाज पुरला असता; येथे प्रश्न त्या साधनाशी जडलेल्या सवयीचा आहे, आणि म्हणून त्याचे उत्तरही शिकवण्यातच शोधावे लागते. हा मुद्दा या साऱ्या चर्चेच्या केंद्रस्थानी असायला हवा, पण मुलांच्या हातून मोबाइल काढून घ्यावा की त्यांना टॅबलेट वाटावेत, या वादात तो नेहमी मागे पडतो.

छापील पुस्तकाच्या बाजूने आणखी एक गोष्ट काम करते, ती म्हणजे जागेची आठवण. एखादा मुद्दा डावीकडच्या पानावर, आकृतीच्या खाली, पुस्तकाच्या साधारण मध्याच्या पुढे होता, हे वाचकाला प्रयत्न न करता आठवते. अर्न्स्ट रॉथकॉफ यांनी 1971 मध्येच या नकळत राहणाऱ्या स्मृतीचा प्रयोगाने शोध घेतला होता. सरकत जाणाऱ्या मजकुराला अशी पक्की जागा नसते. नॉर्वेतील संशोधक अॅन मॅन्गेन यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 50 वाचकांपैकी निम्म्यांना एक रहस्यकथा छापील पुस्तकात आणि निम्म्यांना किंडलवर दिली. कथा समजण्यात दोन्ही गट सारखेच होते, पण कोणती घटना आधी आणि कोणती नंतर घडली हे लावताना किंडलचे वाचक मागे पडले. हातातली वाचलेली पाने वाढत जाणे आणि उरलेली कमी होत जाणे ही खूण त्यांना मिळाली नव्हती, असे स्पष्टीकरण त्यावर दिले गेले आहे. इतिहासाच्या किंवा कायद्याच्या अभ्यासात घटनांचा आणि कलमांचा क्रम लक्षात ठेवणे हेच निम्मे काम असल्याने विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा फरक उपेक्षणीय म्हणता येत नाही.

येथपर्यंतचे संशोधन बहुतांशी अशा देशांतले आहे जेथे डिजिटल पुस्तक म्हणजे चांगल्या पडद्यावरचे, नीट बांधलेले पुस्तक असते. मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारे डिजिटल पुस्तक मात्र बहुधा पीडीएफ असते, आणि तेही मोबाइलवर. पीडीएफ या प्रकारात छापील पानाची मांडणी जशीच्या तशी गोठवून ठेवलेली असते, त्यामुळे छापण्यासाठी तो उत्तम असला तरी लहान पडद्यावर वाचण्यासाठी तो बनलेलाच नाही. डेमी आकाराचे पान हाताएवढ्या पडद्यावर मावले की अक्षरे मुंगीएवढी होतात, आणि अक्षरे मोठी केली की ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार आणि खाली उकार व ऋकार यांची गर्दी असते, जोडाक्षरांचे बारकावे असतात, म्हणून अक्षरे लहान झाल्याचा त्रास येथे रोमन लिपीपेक्षा लवकर जाणवतो. मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप मांडला जाईल आणि अक्षरांचा आकार वाचकाला ठरवता येईल असे ईपबसारखे प्रकार उपलब्ध आहेत. किंडलवर मराठी पुस्तके 2016 च्या अखेरीस येऊ लागली, पण त्यांत ललित साहित्याचा भरणा मोठा आहे आणि अभ्यासाची पुस्तके अजूनही पीडीएफमध्येच अडकलेली आहेत.

याच्या मागे मराठी मुद्रणाचा अलीकडचा इतिहासही आहे. संगणकावर मराठी अक्षरजुळणी सुरू झाली तेव्हा श्रीलिपीसारख्या प्रणालींनी छपाईचे काम अतिशय सुबकपणे पार पाडले, मात्र प्रत्येक प्रणालीत अक्षरांचे अंतर्गत क्रमांक वेगळे होते. युनिकोड म्हणजे जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी सामायिक व्यवस्था; ती रूढ होण्याआधी आणि नंतरही जुन्या प्रणालीत जुळवलेल्या पुस्तकांच्या पीडीएफमध्ये डोळ्याला मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर अर्थहीन चिन्हांची रांग असतो. ज्या पुस्तकांची पाने स्कॅन केलेली आहेत त्यांत तर मजकूर नसतोच, केवळ चित्र असते. परिणाम असा होतो की शब्द शोधणे, अडलेल्या शब्दावर बोट ठेवून त्याचा अर्थ पाहणे, उतारा निवडून टिपणात घेणे हे डिजिटल पुस्तकाचे खरे लाभ मराठी विद्यार्थ्याला मिळतच नाहीत, आणि कागदाचे लाभ तर त्याने आधीच सोडलेले असतात. दोन्ही माध्यमांतले उणेच तेवढे त्याच्या पदरी येते. हे बदलता येण्याजोगे आहे, याचे प्रमाण मराठीतच उपलब्ध आहे: मराठी विश्वकोशाच्या नोंदी युनिकोडमध्ये संकेतस्थळावर असल्याने दहावीतला विद्यार्थीही त्यांत हवा तो विषय शब्द टाकून शोधू शकतो, आणि त्या मोबाइलवर विनासायास वाचता येतात.

या उणिवेची सर्वांत मोठी किंमत दृष्टिहीन विद्यार्थी मोजतात. डिजिटल मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या आज्ञावली आता मराठीही वाचतात, आणि केंद्र शासनाच्या पुढाकाराने 2016 मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयासारख्या ऑनलाइन ग्रंथालयांतून दृष्टिहीनांना वापरता येतील अशा रूपातील पुस्तके दिली जातात. मुद्रित पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठी त्याचे सुलभ रूपांतर करण्याची मुभा देणाऱ्या मराकेश कराराला 2014 मध्ये मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश होता. कायद्याचा अडसर असा दूर झाला असला तरी वाचक आज्ञावलीपुढे स्कॅन केलेले मराठी पुस्तक ठेवले की ती गप्प राहते, आणि जुन्या प्रणालीतले पुस्तक ठेवले की निरर्थक अक्षरे बडबडते. ज्यांच्यासाठी डिजिटल पुस्तक हा पर्याय नसून एकमेव दार आहे, त्यांच्याबाबत तरी प्रकाशकांनी आणि विद्यापीठांनी युनिकोडमधील मजकूर जपून ठेवण्याची शिस्त पाळायलाच हवी. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात शनिवार-रविवारच्या मराठी शाळांत जाणाऱ्या मुलांनाही छापील मराठी पुस्तक सहज मिळत नाही, आणि त्यांची भिस्त बालभारतीच्या संकेतस्थळासारख्या स्रोतांवरच असते.

ग्रामीण भागातील परिस्थिती पाहिली की साधन हाती असणे आणि त्यावर वाचन होणे यांतील अंतर स्पष्ट होते. असर या शैक्षणिक पाहणीच्या 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील 14 ते 16 वयोगटातील 82 टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी 57 टक्के मुलांनी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्याचा शिक्षणासाठी काही उपयोग केला होता, तर समाजमाध्यमांसाठी तो वापरणाऱ्यांचे प्रमाण 76 टक्के होते. या शैक्षणिक उपयोगातही वाचन किती आणि व्हिडिओ पाहणे किती, हा प्रश्न उरतो, कारण पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन करून मुले दीक्षा या मंचावर पोहोचतात तेव्हा त्यांच्यापुढे बऱ्याचदा चित्रफीत येते. चित्रफीत वाईट नाही, अवघड संकल्पनेसाठी ती उपकारकच ठरते, पण तिला वाचन समजण्याची गल्लत होऊ नये.

स्वीडनचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. शाळांत संगणक मोठ्या प्रमाणावर आणणाऱ्या त्या देशाने 2023 मध्ये छापील पाठ्यपुस्तकांकडे वळण्याचे धोरण जाहीर केले आणि पुस्तकांच्या खरेदीसाठी मोठा निधी दिला. चौथीच्या मुलांच्या वाचनक्षमतेच्या पर्ल्स या आंतरराष्ट्रीय चाचणीत तेथील सरासरी गुण 2016 मधील 555 वरून 2021 मध्ये 544 वर आले होते. ही घसरण केवळ पडद्यांमुळे झाली असे म्हणता येत नाही, कारण दरम्यान कोविडची साथ येऊन गेली होती आणि इतरही सामाजिक कारणे होती. शिवाय महाराष्ट्रातील बहुसंख्य शाळांत छापील पाठ्यपुस्तक कधी बाजूला पडलेच नव्हते. येथील उणीव पाठ्यपुस्तकापलीकडच्या पुस्तकांची आहे, म्हणजे शाळेच्या कपाटात कुलूपबंद असलेल्या गोष्टींच्या आणि माहितीच्या पुस्तकांची.

वयाचा विचारही निराळा करावा लागतो. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांवरील 39 अभ्यासांचे मेटा-विश्लेषण नताल्या कुचिर्कोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये मांडले. छापील गोष्टीचीच डिजिटल प्रत असेल तर मुलांना कागदावरची गोष्ट अधिक समजते, मात्र गोष्टीच्या आशयाला धरून केलेल्या सोयी तीत असतील तर डिजिटल पुस्तक सरस ठरू शकते, असे त्यात आढळले. फावल्या वेळेत पडद्यावर केलेल्या वाचनाचा आकलनाशी असलेला संबंध व्हॅलेन्सियातील संशोधकांनी 2023 मध्ये तपासला, तेव्हा तो एकूण क्षीणच निघाला. लहान वयात तो किंचित उलट दिशेचा, तर माध्यमिक शाळेपासून पुढे किंचित अनुकूल होता. लहानपणी कागदावर बैठक पक्की झाल्यावर पडद्यावरचे वाचन तिच्या आधाराने उभे राहते, असा याचा अर्थ लावणे सयुक्तिक वाटते.

पडद्यावर वाचणाऱ्या विद्यार्थ्याची घाई कमी करता येते, हेही प्रयोगांनी दाखवले आहे. तिर्झा लाउटरमन आणि अॅकरमन यांच्या 2014 च्या अभ्यासात मजकूर वाचून झाल्यावर काही वेळाने त्याचे सार सांगणारे मोजके कळीचे शब्द स्वतः लिहिण्याचे काम विद्यार्थ्यांना दिले गेले, आणि एवढ्या साध्या उपायाने पडद्यावर वाचणाऱ्यांची पीछेहाट नाहीशी झाली. पुढे शब्द लिहायचे आहेत हे माहीत असल्याने वाचणारा आपले आकलन तपासत जातो. महाराष्ट्रात लिहिते वाचन घडवण्याचा एक मोठा प्रयोग कागदावर होऊनही गेला: 2023-24 पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून पाठांबरोबर नोंदींसाठी कोरी पाने जोडली गेली. मुले त्या पानांचा पुरेसा उपयोग करत नाहीत आणि वह्याही वेगळ्या आणतात, असे आढळल्यामुळे शासनाने जानेवारी 2025 मध्ये ही योजना मागे घेतली. दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी ती आणली गेली होती, आणि त्या पानांवर काय लिहायचे, केव्हा लिहायचे, ते कोणी पाहायचे, हे वर्गात रुजवण्याला तितके महत्त्व मिळाले नाही. कोरे पान कागदावर असो वा पडद्यावर, ते आपण होऊन भरत नाही. बालभारतीच्या पुस्तकांची युनिकोडमधील, मोबाइलच्या पडद्यावर नीट मांडली जाणारी आवृत्ती निघाली आणि तीत प्रत्येक घटकाच्या शेवटी विद्यार्थ्याने पाच शब्द लिहिल्याशिवाय पुढचा घटक उघडू नये अशी रचना ठेवली, तर तिला महागडी साधने लागणार नाहीत. तोपर्यंत पीडीएफवरून शिकवणाऱ्या शिक्षकाला आणि पीडीएफवरूनच परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीला हेच काम साध्या वहीत करता येईल: प्रकरण वाचायचे, मोबाइल बाजूला ठेवायचा, थोड्या वेळाने पाच शब्द लिहायचे, आणि ते सुचले नाहीत तर तेच प्रकरण पुन्हा उघडायचे.